फुटबॉलवरचे काळे तुकडे 12च का असतात?

तो जुना काळा-पांढरा फुटबॉल आठवतोय का, त्याच्यावरचे काळे पंचकोन मोजा, 12 भरतील, पांढरे षटकोन 20, आणि कोपरे 60. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक कार्बनचा अणू बसवला की झाला सी-60, म्हणजे बकीबॉल.

1985 ला ह्यूस्टनच्या राईस युनिव्हर्सिटीत क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी ग्राफाईटवर लेझर मारून त्याची वाफ हेलियममध्ये गार केली, तर अणूंच्या गठ्ठ्यांचं वजन मोजणाऱ्या मशीनवर 60 अणूंचा गठ्ठा बाकी सगळ्यांच्या वर उठून दिसायला लागला. मग स्मॉली रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवत बसले पण नुसत्या षटकोनांचा बॉल काही केल्या बंद होईना, मधेमधे पंचकोन घातले तेव्हा कुठे जमलं.

का? तर षटकोन टाईल्ससारखे सपाट बसतात, पंचकोन घातला की तिथे वाटीसारखा बाक येतो. आणि किती पंचकोन लागणार हे गणितज्ञ ऑयलरने आधीच ठरवून ठेवलंय: कोपरे वजा कडा अधिक तुकडे बरोबर 2. इथे 60 - 90 + 32. प्रत्येक अणूला तीनच शेजारी असतील तर या हिशोबातून पंचकोन 12च निघतात, षटकोन कितीही असोत. सी-70 मध्ये षटकोन 25 आहेत, पंचकोन तरी 12च! मला तर हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा किती वेळ खरंच वाटेना.

आता केमिस्ट्री. दोन पंचकोन एकमेकांना चिकटले की तिथे ताण फार वाढतो, आणि एकही पंचकोन दुसऱ्याला चिकटलेला नाही असा सगळ्यात छोटा पिंजरा सी-60च आहे, त्यानंतर थेट सी-70, मधले 62, 64 वगैरे कोणालाच ते जमत नाही. म्हणून हे दोघं एवढे टिकाऊ. बंधही सगळे सारखे नाहीत बरं का, दोन षटकोनांमधला आखूड, साधारण 1.40 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पंचकोनाच्या कडेचा 1.46, म्हणजे डबल बाँड पंचकोनात जायचं टाळतात आणि रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा त्या आखूड बंधावरच होते.

पण आकार खरंच असाच आहे हे कशावरून? 1990 मध्ये क्रॅचमर आणि हफमन यांनी ग्राफाईटच्या काजळीतून बेंझीन वापरून सी-60 भरपूर काढला, मग त्याचा एनएमआर करता आला, म्हणजे रेणूत वेगवेगळ्या तऱ्हेच्या जागी बसलेल्या अणूंची वेगवेगळी रेघ दाखवणारी चाचणी. सी-70 च्या पाच रेघा आल्या. सी-60 ची फक्त एक, कारण साठातला कुठलाही अणू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जागी बसलेलाच नाही.