शाळेच्या हजेरीपटावरून साथीची सूचना : कोणी द्यावी, कुठे द्यावी, कोणते कागद जोडावेत

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागांत सर्दी-तापाची साथ पसरू लागली की तिची चाहूल दवाखान्यातील नोंदीआधी शाळेच्या हजेरीपटावर लागू शकते. मूल तापले की अनेक घरांत पहिला दिवस काढा आणि गोळीवर निघतो, डॉक्टरांकडे जाणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. गैरहजेरीची खूण मात्र पहिल्याच सकाळी पडलेली असते. सरकारी शाळेत अक्षर दासोह या कर्नाटकाच्या माध्यान्ह भोजन योजनेच्या जेवणासाठी स्वयंपाकघरात रोज मुलांचा आकडा कळवावाच लागतो, त्यामुळे गैरहजेरी मोजायला वेगळी मेहनत नको. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस लागतात, म्हणून आठवडाभराची दिरंगाईही महाग पडते.

सूचना मुख्याध्यापकांनी देणे सर्वांत योग्य. त्यांच्याकडून विलंब होत असेल तर एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) अथवा पालकही पत्र देऊ शकतात. साध्या कागदावरील पत्र गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावे, शहरात ते नागरी आरोग्य केंद्रात द्यावे, आणि प्रती तालुका आरोग्याधिकारी व गटशिक्षणाधिकारी यांना पाठवाव्यात. आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नये.

पत्राला गेल्या तीन-चार आठवड्यांचा वर्गवार तक्ता जोडावा. उदाहरणार्थ, ‘इयत्ता तिसरी, पट 28, गैरहजर 9, पैकी ताप-खोकला 6, जुलाब 1, कारण अज्ञात 2’ एवढी एक ओळ पुरेशी आहे. कारणाचा रकाना हाच या तक्त्याचा प्राण आहे, कारण नुसती गैरहजेरी सहज फसवते. सौंदत्तीची यात्रा, गावची लक्ष्मी यात्रा, ऊसतोडीसाठी झालेले स्थलांतर किंवा मुसळधार पावसाने पाण्याखाली गेलेला रस्ता यांनीही वर्ग रिकामा होतो. म्हणून सोमवारची तुलना आधीच्या सोमवारांशीच करावी, आणि गैरहजर मुलाच्या घरी वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी फोन करून कारण लिहावे. मुलांची नावे, पत्ते किंवा आजाराचे निदान तक्त्यात मुळीच घालू नये. आजारी मुलाला वर्गात बोट दाखवले जाणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

अशा पत्राने साथ सिद्ध होत नाही, ते फक्त तपासणीचे निमित्त ठरते. 2004 साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांनी नोंदवलेले संशयित रुग्ण, डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलेले रुग्ण आणि प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण यांची माहिती अनुक्रमे ‘एस’, ‘पी’ आणि ‘एल’ या वेगवेगळ्या प्रपत्रांत भरली जाते. शाळेची सूचना मिळाली की आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांना शाळेच्या परिसरात घरोघरी चौकशी करता येते आणि गरज पडल्यास नमुने घेता येतात. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तो चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. ही आठवण असणाऱ्याला या तक्त्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

शाळा आकडे देत नसेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 चा मार्ग खुला आहे. अर्जदार भारतीय नागरिक असणे एवढीच पात्रता असून माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे 10 रुपये शुल्कासह करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने शुल्काऐवजी त्याचा पुरावा जोडावा. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सामान्यतः 150 शब्दांपेक्षा जास्त नसावा, म्हणून फक्त वर्गवार संख्या मागावी. नावांसह माहिती मागितल्यास ती खासगी म्हणून नाकारली जाण्याची शक्यता असते.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असल्याने तो कन्नडमध्ये लिहून घेणे सोयीचे पडते. गाऱ्हाण्याचे निवेदन मात्र राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 350 ने दिला आहे. माहितीच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढील 30 दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पहिले अपील दाखल करता येते.