जलपर्णी विष खाऊन संपवते, हे खरं नाही

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठी फिरताना अजूनही ऐकू येतं, "जलपर्णी राहू द्या, ती पाण्यातलं आर्सेनिकसुद्धा खाऊन टाकते." यातलं अर्धंच खरं. आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, संपत नाही, फक्त जागा आणि रूप बदलतं. त्याचं आर्सेनेट हे रूप फॉस्फेटशी (वनस्पतींना लागणाऱ्या अन्नद्रव्याशी) इतकं मिळतंजुळतं की मुळं फसतात आणि फॉस्फेटच्याच वाटेने ते आत घेतात. आत त्याचं आर्सेनाइट होतं (हे तर जास्तच विषारी!), मग गंधकयुक्त रेणू त्याला बांधतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडतात. काही शेवाळं त्याला मिथाइल गट (कार्बन आणि हायड्रोजनची छोटी जोड) लावून त्याचं रूप बदलतात. पण वनस्पती कुजली की कोंडलेलं पुन्हा बाहेर. म्हणून आर्सेनिक असलेल्या तळ्यातली, काळ्या केसाळ मुळांची ती ओली जलपर्णी उपसून काठावरच सडू देऊ नका. तिचं खत तर मुळीच नको.