मेटाकॉग्निशन मोजायला मुलांनाच विचारायचं कसं ठरलं

शाळेतल्या मुलांचा मेटाकॉग्निटिव्ह अवेअरनेस (आपण कसं शिकतो, आपल्याला काय समजलंय आणि काय नाही याची स्वतःला असलेली जाणीव) मोजायचा म्हटलं की आज बहुतेक ठिकाणी प्रश्नावली वाटतात, मुलं टिक करतात, बेरीज केली की स्कोअर तयार. सुरुवात अशी नव्हती. १९७० च्या आसपास मुलांना चित्रं लक्षात ठेवायला द्यायचे आणि 'पाठ झालं की सांग' म्हणायचे, बालवाडीतली मुलं लगेच 'झालं' म्हणायची पण विचारलं की सगळी आठवायची नाहीत. तेव्हा मोजत होते ते मूल म्हणतं काय आणि त्याला येतं किती यातलं अंतर.

१९९४ मध्ये ५२ विधानांची प्रश्नावली आली, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर तपासलेली. २००२ मध्ये त्यातूनच शाळकरी मुलांसाठी छोट्या आवृत्त्या काढल्या: तिसरी ते पाचवीला १२ विधानं आणि कधीच नाही, कधीकधी, नेहमी असे तीनच पर्याय, सहावी ते नववीला १८ विधानं आणि पाच पर्याय.

वाद आहे तो इथेच. प्रश्नावली का निवडली हे कळतं, कारण मोठ्याने विचार करत गणित सोडव म्हणायचं, ते रेकॉर्ड करायचं, मग वाक्यावाक्याचं कोडिंग (कुठलं वाक्य कुठल्या प्रकारचा विचार दाखवतं ते ठरवणं), असं एका वर्गाचं करायलाही कितीतरी दिवस जातात आणि प्रश्नावली एका तासिकेत उरकते. पण 'मला समजलंय की नाही हे माझं मला कळतं' अशा धर्तीच्या विधानापुढे नऊ वर्षांचं मूल 'नेहमी'वर टिक करतं तेव्हा आपण नक्की काय मोजलं? ज्याला हे खरंच कळत नाही त्याला आपल्याला कळत नाही हेही कळत नसतं, म्हणजे ज्या मुलाला मदत हवी तेच यातून निसटतं, आणि मला तरी हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. पुढे तुलना झाल्या तेव्हा प्रश्नावलीचा स्कोअर आणि काम करताना दिसलेलं वागणं यांचा मेळ कमीच बसला.

२००९ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत म्हणूनच वेगळी वाट धरली, १५ वर्षांच्या मुलांना प्रसंग देऊन कुठली युक्ती किती उपयोगी ते विचारलं आणि उत्तरं तज्ज्ञांच्या मताशी ताडून पाहिली. पण यातूनही युक्ती माहीत आहे एवढंच कळतं, मूल ती वापरतं का ते नाही. हल्ली कॅलिब्रेशनकडे ओढा आहे, प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री किती' ते लिहायचं आणि उत्तर बरोबर आलं का ते बघायचं. मला हेच जास्त पटतं, फक्त अवघड पेपरात मुलं जास्त ओव्हरकॉन्फिडंट दिसतात आणि सोप्यात कमी, त्यामुळे दोन वेगळ्या पेपरांवरचे आकडे शेजारी ठेवून मुलांची तुलना करता येत नाही.