गाडी धुतली, पाणी कुठे गेलं?

लोकमान्यनगरात मामांच्या दाराशी दोन वर्षांपासून एक घर चाकांवर उभं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि आत पलंग, ओटा, संडास, पाण्याच्या टाक्या असा सगळा संसार बसवून घेतला. मांडू झालं, महेश्वर झालं, ओंकारेश्वर तर तीनदा. प्रत्येक वेळी परत आलं की मामा जोराचा पाइप लावून गाडी धूत. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या इंदुरात राहायचं आणि गाडी चिखलाची ठेवायची, हे त्यांना कसं चालणार? पहिल्याच पावसाळ्यानंतर गादीखालचं प्लायवूड पापडासारखं फुगलं. मामी म्हणाल्या, "गाडी बाहेरून धुतली की आतून?"

प्रश्न खवचट होता, पण शास्त्रीय होता. अशा गाडीला धूळ फारसं काही करत नाही. तिची वाट लावतं ते पाणी, त्यातही न दिसणारं.

छताच्या खिडकीपासून सुरुवात करू. ही खिडकी बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची असते आणि भोवतालचं छत पोलादी पत्र्याचं. तापल्यावर अ‍ॅक्रिलिक पोलादाच्या जवळजवळ सहापट प्रसरण पावतं. मे महिन्यात रात्री २५ अंशांवर असलेलं छत दुपारच्या उन्हात ६५ अंशांवर गेलं, तर ७० सेंटिमीटरची खिडकी सुमारे दोन मिलिमीटर वाढते. तेवढाच पत्रा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. ही ओढाताण मधल्या सीलंटच्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाच्या, अंगावर येते, आणि तीही रोज. उन्हाने ते कडक झालं की भेगाळतं. केसाएवढी भेग पुरते. एक दशांश मिलिमीटरच्या फटीत पाणी केशाकर्षणाने काही सेंटिमीटर उलटं वरही चढतं, आणि एकदा आत शिरलं की हवा न लागल्याने वाळत नाही. त्यात जोराचा पाइप थेट सांध्यावर धरला, तर पावसाला जे जमलं नसतं ते आपण पाच मिनिटांत करून दाखवतो. मामांना खिडकी बसवून देणाऱ्या कारागिराने स्वयंपाकघराच्या सिंकला लावतात तेच साधं सिलिकॉन फासलं होतं. इथे लवचिक राहणारं आणि ऊन सोसणारं सीलंट लागतं. वर्षातून दोनदा शिडी लावून सगळ्या सांध्यांवरून अंगठा फिरवायचा. कडक लागलं, की जुनं खरवडून काढायचं आणि नवं भरायचं. जुन्यावरच नवा थर चढवला तर तो धरत नाही.

धुताना मात्र आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. रस्त्याच्या धुळीत गारगोटीसारखे कठीण क्वार्ट्‌झचे कण असतात. कोरड्या फडक्याने पुसलं की ते रंगावर आणि त्याहून मऊ अ‍ॅक्रिलिकवर चरे पाडतात. काचेचा अमोनियावाला किंवा अल्कोहोलवाला स्प्रे अ‍ॅक्रिलिकवर नकोच, त्याने आत बारीक तडे जातात. बोअरिंगच्या जड, क्षारयुक्त पाण्याचे थेंब उन्हात वाळले की मागे कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून धुणं सावलीत. ठिपके पडलेच, तर पातळ केलेलं व्हिनेगर लावून लगेच धुवावं.

आता आतलं पाणी. खरी गंमत इथे आहे, कारण हे पाणी आपणच तयार करतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गॅसमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं ते पाणी. रात्रीच्या वरणभाताला १५० ग्रॅम गॅस लागला, तर जवळपास पाव लिटर पाणी हवेत गेलं. भाताची वाफ वेगळीच. वर दोन माणसं झोपेत श्वास आणि त्वचेवाटे रात्रभरात पाव ते अर्धा लिटर सोडतात. आणि हे सगळं सामावणार कुठे? गाडीत हवा असते जेमतेम १५ घनमीटर. २५ अंशांना ती हवा फार तर ३५० ग्रॅम बाष्प धरते, १० अंशांना दीडशेच्या आत. जानेवारीच्या पहाटे बाहेर थंडी असली की उरलेलं पाणी गार काचेवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला येऊन बसतं. बुरशीला आणखी काय हवं! थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून झोपणं हाच घात. छताची खिडकी दोन बोटं आणि खालची एखादी फट उघडी ठेवावी; गरम दमट हवा वरून निघते, कोरडी खालून येते. शिवाय गॅस जळतो तिथे वायुवीजन जिवासाठीही हवंच.

पिण्याच्या टाकीच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच दर लिटरला एक मिलिलिटर घालून टाकी काठोकाठ भरावी, नळ सोडून ते पाणी पाइपातही जाऊ द्यावं, चार तास थांबावं, मग क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुवावं.

संडासाच्या टाकीत ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू काम करतात. इंदुरातल्या देवगुराड्याच्या कचरा प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायची क्षमता आहे, तिथेही असेच जिवाणू राबतात. फरक इतकाच, की तिथे गॅस हवा असतो, इथे नको. रिकामी केल्यावर टाकीत थोडं पाणी ठेवावं, म्हणजे मैला तळाला सुकून चिकटत नाही. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नये. क्लोरीन वायू सुटतो, आणि इतक्या लहान खोलीतून पळायला जागा नसते.

मामा आता पाइप वरून खाली, हलक्या धारेने धरतात. मामी पहाटे काचेवरचं पाणी छोट्या वायपरने ओढून वाटीत घेतात. जानेवारीत मांडूला पाऊण वाटी भरली होती.