आरोग्यप्रार्थना, ख्रिस्ती (मराठवाडा)

आजारी माणसाला बरे वाटावे म्हणून पाळक, मंडळीतील वडील किंवा घरची माणसे देवाजवळ करतात ती प्रार्थना. ‘हात ठेवून प्रार्थना’, ‘तेल लावून प्रार्थना’ आणि ‘उपास-प्रार्थना’ ही तिची रूढ रूपे सर्वपरिचित आहेत. आजारी बरा होईल अशी प्रार्थना करणाऱ्याची स्वतःचीच खात्री नसताना ती कशी केली जाते, एवढाच पैलू येथे विचारात घेतला आहे. मराठवाड्यातील पाळकीय सेवेत असा प्रसंग अपवादाने नव्हे, आठवड्यागणिक येतो.

शास्त्राधार आणि ‘शंका’ या शब्दाचा वाद : मूळ आधार बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातला (5:14–16). दुखणाईताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असे तेथे म्हटले आहे. ‘वाचवील’ यासाठीचे मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’ हे बरे करणे आणि तारणे या दोन्ही अर्थांनी येते. त्यामुळे हे वचन शरीराविषयी की आत्म्याविषयी, हा मतभेद जुना आहे. आजाऱ्यांना तेल लावण्यासाठी येथे ‘अलेइफो’ हे साधे, व्यवहारातले क्रियापद आहे, अभिषेकाचे ‘ख्रिओ’ नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानातही (मार्क 6:13) तेच आले आहे.

खरी अडचण याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. शंका धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळेल असे त्याने समजू नये (1:6–8), हे वचन दाखवून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे आजाऱ्याच्या घरच्यांना सांगितले जाते. मात्र मराठीत ‘शंका’, ‘संशय’, ‘अविश्वास’ हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी येत असले, तरी ग्रीकमध्ये तीन वेगळे शब्द आहेत. याकोब वापरतो तो ‘दियाक्रिनोमाय’, म्हणजे मनाने दुभंगणे, दोन धन्यांकडे पाहणे. म्हणून पुढे लगेच ‘द्विबुद्धीचा’ माणूस येतो. दुसरा ‘दिस्ताझो’, म्हणजे पाऊल अडखळणे. नव्या करारात तो दोनदाच आढळतो, दोन्ही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात : पाण्यावर बुडू लागलेल्या पेत्राविषयी (14:31) आणि पुनरुत्थित येशूला नमन करणाऱ्या शिष्यांविषयी (28:17). दुसऱ्या ठिकाणी नमन आणि संशय एकाच वचनात आहेत, आणि त्या शिष्यांना परत पाठवलेले नाही. तिसरा ‘अपिस्तिया’, अविश्वास. हा सर्वांत कठोर शब्द. तो मार्क 9:24 मध्ये आजारी मुलाचा बाप स्वतःविषयी उच्चारतो : माझा विश्वास आहे, आणि अविश्वासही आहे, तो घालवा. मुलगा त्यानंतर बरा होतो. याकोबाच्या पत्रातील वचन निष्ठेच्या दुभंगाविषयी आहे, आशा-निराशेच्या हेलकाव्यांविषयी नाही, हे मत प्रस्तुत लेखकाला अधिक ग्राह्य वाटते. हेरोदाने तुरुंगात टाकलेल्या पेत्रासाठी मंडळी प्रार्थना करीत होती आणि तो दाराशी आला तेव्हा तिचाच विश्वास बसला नाही (प्रेषितांची कृत्ये 12:12–16). हाही दाखला त्याच बाजूचा.

त्याच आजारी मुलाच्या प्रसंगाअखेर येशू म्हणतो की असले भूत प्रार्थनेवाचून निघत नाही (मार्क 9:29). तेथे ‘प्रार्थना’ या शब्दापुढे ‘आणि उपास’ हे शब्द मूळचे होते काय, हा वेगळा प्रश्न. बायबलच्या चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन या दोन प्रमुख ग्रीक हस्तलिखितांत ते नाहीत. बहुसंख्य उत्तरकालीन प्रतींत आहेत. मराठवाड्यातील उपास-प्रार्थनेला या वचनाचा आधार दिला जातो, म्हणून हा पाठभेद येथे केवळ पंडिती राहत नाही. आजारी मुलाच्या आईने तीन दिवस पाणीही न घेणे योग्य की अयोग्य, याचा निर्णय त्यावर टेकवू नये. विश्वासणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील हे वचन (मार्क 16:18) त्या शुभवर्तमानाच्या ज्या समारोपात येते, तोही या दोन प्रतींत नाही. हात ठेवण्याला मात्र मार्क 6:5 सारखे निर्विवाद आधार आहेत.

चर्चपरंपरा : चमत्कारांचा काळ सरला असे प्राचीन चर्चचा धर्माचार्य ऑगस्टीन याने आरंभी मानले, उतारवयात मात्र उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बरे होण्याच्या घटना त्याने स्वतः नोंदवल्या. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांपैकी कॅल्व्हिनच्या मते आरोग्यदानाचे वरदान प्रेषितांच्या काळापुरते होते. ल्यूथरने 1540 मध्ये मरणासन्न सहकारी मेलांख्थोनसाठी प्रार्थना केली आणि तो बरा झाला. 1542 मध्ये स्वतःची मुलगी माग्दालेना हिच्यासाठी केली आणि ती त्याच्या हातांत वारली. रोमन कॅथलिक परंपरेत तेलाभ्यंग हा संस्कार आहे. तो केवळ मृत्युशय्येपुरता नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले.

मराठवाड्यातील उगम : तेल लावण्याची प्रथा येथे कोठून आली याविषयी एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात, औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी आणि जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री (मृत्यू 1891) यांनी काम उभे केले. जालन्याजवळची बेथेल वसाहत शेषाद्रींचीच. पहिली परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची; दुसरी प्रेसबिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडमधील कॅल्व्हिनपंथी चर्चची. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या 1549 च्या आवृत्तीत आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी होता, 1552 मध्ये तो वगळला गेला. प्रेसबिटेरियनांवर कॅल्व्हिनचा पगडा. तेव्हा ही प्रथा मूळ मिशनांनी आणली असण्याचा संभव कमी. एक मत तिचा संबंध पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ति मिशनमधील 1905 च्या संजीवनाशी, म्हणजे धार्मिक जागृतीच्या लाटेशी, जोडते. दुसरे मत शेजारच्या वऱ्हाडात काम करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे बोट दाखवते. ‘ख्रिस्त आरोग्यदाता’ हे या संस्थेच्या चार मूळ सूत्रांपैकी एक. दोन्ही प्रवाह पोहोचले असावेत. तरी जमीन आधीच तयार होती, हे विसरता येत नाही. बाप्तिस्मा घेतलेली बहुतेक घराणी दलित समाजातली. दुखणे आले की देवऋषी, अंगारा, उतारा हे त्यांच्या भोवतीच्या गावाचे उत्तर होते. ते सोडल्यावर रिकाम्या झालेल्या जागी प्रार्थना आली, आणि देवऋषीकडून असे तसा ताबडतोब गुण येण्याची अपेक्षाही तिच्याबरोबर आली. पाळकावरचे आजचे दडपण काही अंशी तेथले आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये स्थापन झाले. त्याचा मराठवाडा धर्मप्रांत आणि औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत यांच्याबरोबरच आता पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्याही येथे आहेत.

प्रत्यक्ष रीत : निरोप सहसा रात्री येतो. पाळक मोटारसायकलवरून पोहोचतो तोवर माजघरात सतरंजी अंथरलेली असते, बायका पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या असतात. तेल घरातलेच, खोबरेल नाहीतर करडईचे, वाटीत काढलेले. तो आधी आजाऱ्याचे नाव घेऊन विचारतो, ‘काय दुखतंय, मावशी?’ मग बोट बुडवून कपाळाला लावतो, हात ठेवतो. शब्द साधे : ‘प्रभू, तू समर्थ आहेस. तुझ्या इच्छेप्रमाणे कर.’ शेवटच्या वाक्याविषयी तीव्र मतभेद आहे. काही मंडळ्यांत ते शंकेचे लक्षण मानतात आणि ‘बरी झालीस, असे आत्ताच कबूल कर’ असा आग्रह धरतात. वधस्तंभावर जाण्याआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेत तेच वाक्य आहे, हे उत्तर पुरेसे मानावे. ‘घाटी’त, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, भेटीच्या वेळेत हेच सारे खाटेशी, हळू आवाजात आणि तेलाविना होते.

रविवारच्या उपासनेत बऱ्या झालेल्यांची ‘साक्ष’ होते. बरे न झालेल्यांना उभे राहायला मात्र जागा नसते. या प्रथेतील ही सर्वांत दुखरी बाजू आहे. प्रेषित पौलाने तीनदा विनवणी करूनही त्याच्या शरीरातील काटा निघाला नाही (2 करिंथ 12:7–9). तीही साक्षच होती. काही पाळक आता अशांनाही बोलायला उभे करतात.

वैद्यक आणि कायदा : अमेरिकेत 1,802 हृदयशस्त्रक्रिया-रुग्णांवर झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इतरांच्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे निश्चित ठाऊक असलेल्यांत गुंतागुंत थोडी अधिकच आढळली. अनोळखी लोकांनी ठरावीक मजकुराने दुरून केलेली ती प्रार्थना आणि वर वर्णिलेली भेट यांत फरक आहे. तरी निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने घरातील वा चर्चमधील निरुपद्रवी प्रार्थनेला बाधा येत नाही; साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडे देणे हा मात्र गुन्हा आहे. 1954 च्या केंद्रीय कायद्याने काही ठरावीक रोगांवरील चमत्कारी उपायांच्या जाहिराती निषिद्ध आहेत. जाणते पाळक प्रार्थनेआधी डॉक्टरांचा कागद पाहायला मागतात, आणि ‘आमेन’नंतर रात्रीच्या गोळ्या दिल्या का, हे विचारतात.