सरले काहून काढलं?

डिसेंबरातली सकाळ. आमच्या गावच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. तेवढ्यात फुटबॉलची पोट्टी आली आणि धरमकाट्याच्या खोलीतल्या टेबलावर त्यांनी आपापल्या जर्सी ठेवल्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, मोजून चौदा. काटेवाला म्हणाला, ‘हे काय गा?’ गोलकीपर पोरगा म्हणाला, ‘शेठले सांगजा, सरले काहून काढलं हे इचाराले आल्तो.’

जिनिंग शेठची आणि टीमही एका अर्थानं त्यांचीच. जर्सी, बूट, स्पर्धेची फी, गाडीभाडं, सगळा खर्च त्यांचा. सर टीमचे कोच, नागपूरजवळच्या कामठीत खेळून तयार झालेले. अकरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर हजर. त्यांच्या पिशवीत शिट्टी, क्रेप बँडेज आणि गूळ-फुटाण्याची पुडी ठरलेली. टीम लागोपाठ चार सामने हरली आणि शेठनी जिल्ह्याच्या गावाहून नवा कोच आणला. सरांना ते व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं.

त्यानंतर गावात जे झालं, ते मी जवळून पाहिलं. ऑफसाइड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्या आज्याही शेठला बोल लावू लागल्या. चार शेतकऱ्यांनी तर वरचं भाडं अंगावर घेऊन कापूस तालुक्याच्या जिनिंगवर नेला. खेळासाठी कोणी असं आपलंच नुकसान करून घेतं का? घेतं. 1982 मध्ये जर्मन अर्थशास्त्रज्ञ वेर्नर ग्युट आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. दोघांमध्ये पैसे वाटायचे. एकानं वाटणी सुचवायची, दुसऱ्यानं होय किंवा नाही म्हणायचं. ‘नाही’ म्हटलं तर दोघांनाही शून्य. हिशेबानं पाहिलं तर मिळेल तो रुपया घ्यावा. पण पुढे कितीतरी देशांत हा खेळ खेळला गेला आणि अगदी तोकडा वाटा लोक बहुधा नाकारतात असंच दिसलं. समोरच्यानं अन्याय केला असं वाटलं, की त्याला चटका बसावा म्हणून माणूस स्वतः झळ सोसतो. त्या चार गाड्यांचं भाडं याच खात्यातलं.

आता थोडं दूर जाऊ. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी या क्लबवर 2015-16 च्या मोसमाआधी सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता. म्हणजे हा क्लब प्रीमियर लीग, इंग्लंडची सर्वात वरची लीग, जिंकणं अशक्यच. क्लाउडिओ रानिएरी या इटालियन प्रशिक्षकानं ते करून दाखवलं. एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा देईन, असा शब्द त्यांनी खेळाडूंना दिला होता. तो पाळला, पण पीठ थापायला लावलं खेळाडूंनाच. अशा माणसावर गाव जीव टाकणारच. विजेतेपदानंतर नऊ महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 2017 ला, थायलंडच्या मालकांच्या क्लबनं त्यांना काढलं. समर्थक खवळले.

पण तेव्हा लेस्टर सतराव्या स्थानावर होता, घसरणीच्या रेषेच्या अगदी वर. मोसमाअखेर या रेषेखाली राहिलेले क्लब खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. लीगमधले शेवटचे पाच सामने तो ओळीनं हरला होता. आणि रानिएरी गेल्यावर त्यानं लीगचे पुढचे पाच सामने ओळीनं जिंकले. मग मालकाचंच बरोबर होतं का?

इथे कापसाचंच उदाहरण घेतो. कोरडवाहू शेतात एका वर्षी एकरी दोनच क्विंटल झाला. शेतकरी वैतागतो, वाण बदलतो. पुढच्या वर्षी पाच क्विंटल होतो आणि तो नव्या बियाण्याचे गोडवे गातो. शेजाऱ्यानं जुनाच वाण पेरलेला असतो. त्यालाही पाचच झालेला असतो. पहिलं वर्षच भलतं वाईट होतं, इतकंच. अति वाईटानंतर बहुधा जरा बरं येतं आणि अति चांगल्यानंतर जरा कमी. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ते दाखवलं. मालक कोचला काढतो ते टीम तळाला असताना. म्हणजे जेव्हा ती तशीही थोडी वर येणार असते, नेमकं तेव्हाच.

शेजाऱ्याच्या शेताचा हा हिशेब फुटबॉलमध्येही मांडला गेला आहे. नेदरलँड्समध्ये बास तर वेल या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या लीगचे अनेक मोसम तपासले. कोच बदललेल्या क्लबांची तुलना त्यानं तशाच घसरणीत सापडलेल्या, पण कोच न बदललेल्या क्लबांशी केली. दोन्ही सावरले. कोच बदलल्याचा वेगळा फायदा दिसला नाही. एकट्या लेस्टरच्या पाच विजयांवरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही, मालकाच्या बाजूनंही नाही आणि रानिएरींच्या बाजूनंही.

तरी मला वाटतं, रागाचं मूळ निकालात नव्हतंच. पोट्ट्यांचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘सरांना परत आणा’ असं ते म्हणाले नव्हते.

मानसशास्त्रज्ञ अॅलन लिंड आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना एक काम दिलं आणि किती काम करायचं याचं लक्ष्य ठरवून दिलं. काहींना लक्ष्य ठरवण्याआधी त्यांचं मत विचारलं. काहींना आधीच सांगितलं की लक्ष्य ठरलंय, आता बदलणार नाही, पण तुमचं म्हणणं सांगा. तिसऱ्या गटाला काहीच विचारलं नाही. आधी विचारलेल्यांना सगळं सर्वात न्याय्य वाटलं, यात नवल नाही. नवल दुसऱ्या गटाचं आहे. त्यांच्या बोलण्यानं काही बदलणार नव्हतं आणि हे त्यांना माहीत होतं. तरीही तिसऱ्या गटापेक्षा त्यांना तो निर्णय जास्त न्याय्य वाटला. ऐकून घेतलं म्हणजे मला मोजलं, मी या घरातला आहे, असा त्याचा अर्थ माणूस लावतो.

समर्थकाला तर आपण घरातलेच वाटतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनीनं 1976 मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात टिपलं होतं: टीम जिंकली की ‘आपण जिंकलो’, हरली की ‘ते हरले’. सातबारा मालकाच्या नावावर आणि वहिवाट गावाची, असं हे नातं. जर्मनीत ही वहिवाट कागदावरच आणली आहे. तिथे 1998 पासूनच्या नियमानुसार क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती राहावी लागतात, अपवाद थोडे.

शिवाय हा राग परक्यावरचा नसतो. ऑक्टोबर 2018 मध्ये लेस्टरचे मालक विचाई यांचं हेलिकॉप्टर स्टेडियमजवळ कोसळून ते गेले, तेव्हा शहरानं मैदानाबाहेर फुलांचा ढीग घातला. आमच्या गावातही नव्या कोचला कोणी वाईट बोललं नाही. बोल लागले ते शेठलाच, कारण पोरांच्या बारशापासून ते गावात उठत-बसत आलेत.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी शेठ मारुतीच्या पारावर येऊन बसले. दीड तास पोट्टी बोलत होती आणि ते ऐकत होते. चुलीवरच्या चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. सर परत येणार नाहीत हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी उठताना गोलकीपर म्हणाला, ‘हे पैलेच सांगतलं असतं त काय झालं असतं, काका?’ शेठ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर गेलो तेव्हा टेबलावर पाच जर्सी उरल्या होत्या. नऊ पोरं येऊन घेऊन गेली होती. गोलकीपरची तिथंच होती.