खोटे ठरण्याची कसोटी आणि देवाविषयीची विधाने

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ‘बागा गेल्या, पण देवाने माणसं राखली,’ असे तेव्हा घरोघरी म्हणत. माणसे गेली असती, तर ‘त्याच्या मनात काय ते त्यालाच ठाऊक’ असे म्हटले गेले असते. मग काय घडले म्हणजे देवाची कृपा नाही असे मानायचे?

हाच सवाल 1950 मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका तरुण तत्त्वज्ञाने केला. त्याने उदाहरण घेतले घशाच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलाचे. प्रत्येक आघातानंतर श्रद्धाळू माणूस आपल्या विधानाला मुरड घालतो आणि हजार मुरडी पडल्यावर विधानात काही उरत नाही, असे त्याचे म्हणणे. जे कशालाच नाकारत नाही, ते काही सांगतही नाही.

प्रत्यक्षापलीकडचे न मानणारे चार्वाक आपल्याकडे फार आधी होऊन गेले. मात्र देवाविषयीच्या विधानांना अर्थ आहे का, याविषयीचा आजचा गोंधळ विसाव्या शतकातला आहे. 1934 मध्ये व्हिएन्नातल्या एका विचारवंताने खोटे ठरण्याची कसोटी मांडली, म्हणजे काय घडले तर विधान खोटे ठरेल हे सांगता आले पाहिजे. ती मांडली विज्ञान कोणते आणि विज्ञान नसलेले कोणते, हे ठरवण्यासाठी. विज्ञानाबाहेरचे ते निरर्थक, असे त्याने म्हटले नव्हते. उलट त्या मताला त्याचा विरोध होता. तरी पुढच्या चर्चेत ती अर्थाची कसोटी म्हणून वापरली गेली, आणि तिथे ती टिकत नाही. ‘प्रत्येक आंब्यात जाड कोय असते’ हे वाक्य एका फळाने खोटे ठरू शकते, म्हणून अर्थपूर्ण. ‘बिनकोयीचा आंबा कधीतरी, कुठेतरी होईल’ हे मात्र कितीही फळे कापली तरी खोटे ठरत नाही. म्हणून ते निरर्थक होते का? कोकणातल्या संशोधकांनी जवळजवळ बिनकोयीची ‘सिंधू’ जात काढलीच की! एखाद्या वाक्याला अर्थ आहे आणि त्याच्या नकाराला नाही, असे म्हणणारी कसोटी अर्थाची असू शकत नाही.

1950 च्या सवालाला लगेच उत्तरे आली. एकाने श्रद्धेला जगाकडे पाहण्याची मूळ दृष्टी म्हटले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की दुःख श्रद्धेविरुद्धचा पुरावा आहेच, पण भरवसा टाकलेला माणूस त्याला निर्णायक मानत नाही. मला हे दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते. 1960 मध्ये आणखी एकाने देवाविषयीच्या विधानांचा पडताळा मृत्यूनंतर मिळेल असे सुचवले.

कोकणापुरते सांगायचे तर गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे घातलेले मागणे, आणि कौल, म्हणजे देवाकडून घेतलेला होकार-नकार, यांत फरक केलाच पाहिजे. गाऱ्हाणे घालताना ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे मागणे मागत असतात. त्याला खरे-खोटे लागूच पडत नाही. कौलाचे तसे नाही. पाषाणावर चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली की होकार, आणि त्यावर कधी कधी पुढे काय होणार हेही सांगितले जाते. तसे झाले नाही तर कौल चुकला असे म्हणणार का, हे तिथे विचारायलाच हवे.